कुयलीची घोंगडी

खाजकुयलीच्या शेंगा हात न लावता घरी आणणारा माणूस सगळ्या खोऱ्यात आपण एकच, अशी सोनबाची खात्री होती. त्या शेंगेवरची मखमली कुसं अंगाला लागली की माणूस नाचतो, हे पोराटोरांनाही ठाऊक. सोनबानं आपली नवीकोरी घोंगडी वेलावर टाकली, तिच्यातूनच शेंगा खुडल्या, तिचंच गाठोडं काठीच्या टोकाला अडकवलं आणि डोंगर उतरला. बोटाला एक कूस लागली नाही!

लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. भोरच्या वैद्यांनी नाडी धरली ती सोनबाचीच. दोष बाईतच असतो असं नाही, म्हणाले. कुयलीच्या बिया दुधात शिजवून, साल काढून खा, पुरुषाचं बीज सुधारतं. बाजारात बिया मिळत होत्या, पण तिथं मागितल्या असत्या तर सांजेपर्यंत गावात, साऱ्या वेल्ह्याला कळलं असतं. म्हणून ही डोंगराची वाट. खाली कापणी झालेली भातखाचरं धुक्यात तरंगत होती आणि सोनबाला प्रत्येक खाचरात पाळणा दिसत होता.

घरी त्याची आई धोंडाबाई वेगळाच पाळणा बांधत होती. सुनेवर, फुलाबाईवर, सवत आणायची म्हणून तिनं पासलीच्या गेनबाला त्याच्या लेकीच्या बोलणीला बोलावलं होतं.

सोनबानं परसात शेंगा ओतल्या, काठीनंच घोंगडी वळणीवर टाकली आणि वैद्यांचं म्हणणं फुलाबाईच्या कानावर घातलं. तेवढ्यात गेनबा दारात. पाहुण्यांना नवी घोंगडी अंथर, असा धोंडाबाईचा आतून हुकूम सुटला.

फुलाबाईनं वळणीकडे पाहिलं. उन्हात घोंगडीवर सोनेरी लव चमकत होती. दोन टोकं चिमटीत धरून तिनं ती नीट अंथरली.

गेनबा ऐसपैस बसला. पोरगी भात लावण्यात किती चपळ आहे हे सांगताना त्यानं मांडी बदलली. रांधण्यावर आला तेव्हा पुन्हा बदलली. मग हात धोतराकडे गेला, लाजून परतला, पुन्हा गेला. शेवटी मुंगळ्यांच्या वारुळावर बसल्यासारखा तो ताडकन उठला.

"धोंडाबाई, घरात खरूज हाय ते आदी सांगाया नगं व्हतं?"

"कुनाला हाय खरूज?"

"आता मला हाय!"

पासलीच्या वाटेनं तो चालत गेला नाही, उड्या मारत गेला. आता या घरात खोऱ्यातून कुणी पोरगी देणार नव्हतं. धोंडाबाईनं कपाळाला हात लावला.

सोनबा मात्र ढगासारखा हलका झाला. सवत टळली! प्रेमाच्या भरात त्यानं ती गुणाची घोंगडी उचलली, झटकली आणि खांद्यावर घेऊन रुबाबात फुलाबाईसमोर उभा राहिला.

"आवं, ती..." एवढंच तिला म्हणता आलं.

दिवेलागणीला सोनबा खाजेवर उतारा म्हणून गळ्यापासून पायापर्यंत शेण थापून अंगणात बसला होता. फुलाबाईनं दुधात शिजवलेल्या बियांची वाटी हात लांब करून पुढे सरकवली. पहिल्याच घासाला त्याला तुळईला टांगलेला पाळणा दिसू लागला, झुलूही लागला.

"वैद्य म्हनलं, लई गुन येतो," असं हळूच म्हणत तो जरा जवळ सरकला.

"यिऊ दे की," फुलाबाई तितकीच मागे सरली. "तवर तुमचं हातरून गोठ्यात टाकलंया."