गाडी बंद करू नका

सतीशने बटण दाबलं आणि गाडी म्हणाली, "टक."

त्याने पुन्हा दाबलं. गाडी पुन्हा तेवढंच म्हणाली. इस्त्रीचा शर्ट, चकाकणारे बूट, केसांना लावलेलं जेल, सगळं जागच्या जागी होतं आणि गाडीही जागची हलत नव्हती. अंगणाच्या कडेला त्याचे वडील नथू उभे होते. नव्या पांढऱ्या सदऱ्यात ते आभाळ इतकं निरखून बघत होते, की जणू ते काल रात्रीच कुणीतरी तिथे आणून टांगलं होतं.

आज मुरबाडच्या अलीकडच्या एका गावात रविंद्रभाऊंच्या घरी अकराच्या ठोक्याला पोचायचं होतं. त्यांच्या मुलीला, अपेक्षाला, सतीशने एका लग्नाच्या पंगतीत पाहिलं होतं. "अजून भात वाढू का?" एवढंच ती म्हणाली होती. सतीशने चार वेळा हो म्हटलं आणि त्या रात्री त्याला झोप आली नाही. भातामुळे नाही, अपेक्षामुळे. पुढे आईने, कमळाबाईंनी, ओळखीतून बोलणं जुळवून आणलं. कमळाबाईंचं माहेर तिकडचंच, म्हणून त्या कालच पुढे गेल्या होत्या.

अडचण होती ती रविंद्रभाऊंची. ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांचा जीव दोनच गोष्टींत, वेळेत आणि डिझेलमध्ये. डिझेल वाचवल्याबद्दल आगारात दोनदा सत्कार झालेला, आणि दोन्ही प्रशस्तिपत्रं बैठकीत टांगलेली. अपेक्षासाठी याआधी आलेलं स्थळ उशिरा पोचलं, तेव्हा त्यांनी दारातूनच "गाडी सुटली" असं सांगून पाहुण्यांना परत पाठवलं होतं.

"बाबा," सतीश म्हणाला, "बॅटरी उतरलीय."

"आं? अरं देवा," नथू आभाळालाच म्हणाले.

गाडीला किक नव्हती. गाडी घेताना नथूंनी शोरूममध्ये बसकण मारून सांगितलं होतं, "किक नाय ती गाडी घेव नको." तेव्हा सतीशने त्यांना जमाना बदलल्याचं समजावलं होतं. त्यानंतर शेजारच्या कुणाची गाडी किक मारून चालू होताना दिसली की नथू मुद्दाम मोठ्याने "वा!" म्हणायचे. अशा माणसाने आज, एवढी सोन्यासारखी संधी चालून आलेली असताना, किकबद्दल एक अक्षर काढू नये, हे सतीशला खटकलं.

"बाबा, काल रात्री गाडी कुणी नेली होती?"

"शेतावर नेलेली. जरा."

"कशाला?"

"डुकरं आलेली रे! रानडुकरं! भात कापायला आलाय आपला. मी शेतातल्या माळ्यावरनं ओरडलो, डबा वाजवला. नाय हललीत. मग म्हणलं हॉर्न देऊन बघू."

"किती दिला?"

"ती जाईस्तोवर."

"आणि गेल्यावर चावी बंद केली?"

नथूंनी आभाळावरून नजर काढली. "परत आली असती म्हंजे? चावी चालू ठेवून तिथंच टेकलो जरा. पहाटे ढकलत आणली घरी. पण गेली हां! एका रांगेत गेली!"

सतीशला राग आला होता, पण बापाच्या चेहऱ्यावर अजून ती रांग दिसत होती. तो नुसताच म्हणाला, "चला, धक्का मारा."

धक्का मारायला उतार हवा, आणि घरासमोरचा रस्ता उतरतो तो कसाऱ्याच्या बाजूला. मुरबाड बरोबर उलट्या दिशेला. पण गाडीला दिशा कळत नाही, उतार कळतो. शेजारचा धाकलू दात घासता घासता आला, नथूंनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, आणि दोघांनी मिळून गाडी ढकलली.

"दुसऱ्यात टाक! क्लच सोड!" धाकलू तोंडातल्या फेसासकट ओरडला.

गाडीने गचका खाल्ला, मग ती खोकली आणि चालू झाली. सतीश आनंदाच्या भरात कसाऱ्याच्या दिशेने बराच पुढे निघून गेला. वळून परत आला तेव्हा थांबायची त्याला छाती होईना. "बाबा, बसा!" असं म्हणत तो हळूहळू पुढे सरकत राहिला. नथू शेजारून धावत राहिले आणि शेवटी बैलावर उडी घ्यावी तसे मागे बसले. त्यांच्या सदऱ्यावर धाकलूच्या टूथपेस्टचा एक पंजा उमटला होता, पण सदरा पांढरा आणि पेस्टही पांढरी, त्यामुळे अब्रू राहिली.

शहापूरला पेट्रोल भरावंच लागलं. पंपावरच्या मुलीने पाटीकडे बोट दाखवलं. "गाडी बंद करा."

"ताई, चालू असू दे ना, बंद केली तर..."

"बंद केल्याशिवाय पेट्रोल नाय."

एवढा वेळ चालली म्हणजे बॅटरी थोडी तरी भरली असेल, असा हिशोब करून सतीशने चावी फिरवली. पेट्रोल भरलं, बटण दाबलं.

"टक."

पंपाशेजारीच पंढरीचं गॅरेज होतं. पंढरीने बॅटरीला मीटर लावला आणि डॉक्टरने नातेवाइकांकडे बघावं तसं दोघांकडे बघितलं. "जुनी होती, त्यात कुणीतरी रात्रभर पिळलीय. आता धरत नाय. या मापाची कल्याणवरनं संध्याकाळी येईल."

"आणि तोवर?"

"तोवर धक्का. आणि एकदा चालू झाली की काय वाटेल ते होऊ दे, गाडी बंद करू नका."

पंढरीने आणि पंपावरच्या त्याच मुलीने धक्का दिला. किन्हवलीच्या रस्त्याला लागल्यावर नथू सतीशच्या कानाशी आले. "रे, तिकडं डुकरांचं काढू नको हां. रातभर डुकरांना हॉर्न देतो असा सासरा पोरीला कोण बघंल? लाज जाईल माझी."

"नाय काढत," सतीश म्हणाला.

"शपथ?"

"शपथ."

सरळगाव मागे पडलं. कुठे म्हशी आडव्या आल्या, कुठे ट्रॅक्टर, पण सतीशने गाडीला श्वास घ्यायचीसुद्धा सवड दिली नाही. रविंद्रभाऊंच्या अंगणात ते शिरले तेव्हा भाऊ मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उंबऱ्यात उभे होते. त्यांनी मान वर केली आणि ते चक्क हसले.

"जय भीम! टाइम म्हंजे टाइम! याला म्हणतात ड्रायव्हर."

"जय भीम, काका," म्हणत सतीश उतरला, पाया पडला. पाठीमागे गाडी स्टँडवर उभी राहून धडधडत होती.

"गाडी बंद करा," रविंद्रभाऊ म्हणाले.

"नाय करता येत, काका. बॅटरी उतरलीय. बंद केली तर चालू नाय होणार."

"कशी उतरली?"

सतीशने बापाकडे पाहिलं. नथूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सतीश म्हणाला, "माझीच चूक. रात्री चावी चालू राहिली."

रविंद्रभाऊंचं हसू आत गेलं. त्यांच्या लेखी चावी चालू ठेवून झोपणारा ड्रायव्हर म्हणजे चूल पेटती ठेवून गावाला जाणारा माणूस. "बरं. या आत," एवढंच ते म्हणाले.

बैठकीत बाबासाहेबांची तसबीर होती, बुद्धमूर्ती होती आणि तिच्या खाली डिझेल बचतीची दोन प्रशस्तिपत्रं. खिडकीबाहेर गाडी. बोलणं सुरू झालं, पण प्रत्येक वाक्य ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला सोयरिक मोडतेय असंच वाटलं असतं.

"नोकरी कुठं?" रविंद्रभाऊ ओरडले.

"भिवंडीला! गोदामात! सुपरवायझर!" सतीश ओरडला.

"तिथं दिवे कोण बंद करतं?"

सतीशने नकळत छताच्या दिव्याकडे पाहिलं.

अपेक्षा पोहे घेऊन आली. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज मात्र न ओरडता सगळ्यांना ऐकू गेला. "अजून भात खाता का हो तेवढा?" तिने विचारलं. सतीशने पोह्यांतून मान वर केली. तिच्या लक्षात होतं! त्याच क्षणी त्याला कळलं की ही सोयरिक हातची गेली तर आपण भाताच्या ताटासमोर रडत बसणार. आणि ती हातची चालली होती. रविंद्रभाऊंचं लक्ष पोह्यांत नव्हतं, पाहुण्यात नव्हतं. त्यांची नजर खिडकीबाहेर होती. आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांदेखत थेंब थेंब पेट्रोल जळतंय, हे त्यांना सोसवेना.

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला कमळाबाई नवऱ्याला चिमटे काढत होत्या. "पोरानं कवा चावी विसरली? हे तुमचं काम हाय!"

"काय?" नथू ओरडले.

"तुमचं काम हाय म्हणते!"

तेवढ्यात रविंद्रभाऊ उठले. ताडताड बाहेर गेले. त्यांनी चावी धरली आणि फिरवली. नेमके त्याच वेळी नथू बायकोच्या कानात पूर्ण ताकदीने ओरडत होते,

"अगो, माझ्याच हॉर्नानं बॅटरी गेली! डुकरांचं सांगू नको म्हणून मीच शपथ घातली, म्हणून पोरगं खोटं बोलतंय!"

गाडी बंद पडली होती. सगळं घर शांत झालं होतं. नथूंचं वाक्य बैठकीतून अंगणात गेलं, अंगणातून शेजारी गेलं आणि कुंपणावरची कोंबडीसुद्धा वळून बघायला लागली.

रविंद्रभाऊ सावकाश आत आले. "कुठली डुकरं?"

नथूंनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. माळा, डबा, हॉर्न, रांग. सतीशने डोळे मिटून घेतले.

"गेली?" रविंद्रभाऊंनी विचारलं.

"आं?"

"हॉर्नानं गेली डुकरं?"

"गेली ना. पार जंगलात."

रविंद्रभाऊ नथूंच्या शेजारी बसले, अगदी चिकटून. "नथूदादा, माझं निम्मं शेत खाल्लं हो त्यांनी! बायकोच्या साड्या बांधल्या कुंपणाला, फटाके लावले. डुकरं साड्या तुडवून येतात. बरं, हॉर्न कसा दिला? लांब, का तोडून तोडून?"

"आधी लांब दिला. मग तोडून तोडून."

"घाटातला!" रविंद्रभाऊंनी मांडीवर थाप मारली. "वळणावरचा! अहो, मी जन्मभर माळशेज घाटात हाच दिला, आणि शेतात मला सुचला नाय!"

पुढचा बराच वेळ दोन म्हातारे तोंडाने हॉर्न वाजवत बसले होते. एक वाजवायचा, दुसरा सुधारायचा. सतीशच्या लग्नाचा विषय कुणालाच आठवत नव्हता. कमळाबाईंनी तीन वेळा खाकरून तो काढला, तेव्हा रविंद्रभाऊ भानावर आले आणि सगळे वधूपिते म्हणतात तेच म्हणाले, "निरोप पाठवतो."

या वाक्याचा अर्थ होही होतो आणि नाहीही होतो. सतीशला तो नाही असाच वाटला. चावी विसरणारा तो नव्हता, पण खोटं बोलणारा तर ठरला होता. तो खाली मान घालून गाडीपाशी गेला.

पुन्हा धक्का. निवृत्त होईपर्यंत माझ्या गाडीला धक्का लागला नाय, असं सांगणारे रविंद्रभाऊ धोतर सावरून मागे लागले, नथू लागले, शेजारचे दोघे आले. तरी गाडी नुसती खोकत राहिली. मग अपेक्षा पायरी उतरली, ओढणी कमरेला बांधली आणि कॅरिअर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "काय बघताय? ढकला!"

गाडी सुटली. सतीश अंगणातून सुसाट बाहेर पडला, खळ्याला वळसा घालून परत आला. थांबणं शक्य नव्हतं. "बाबा, बसा!"

"मी नाय येत!" नथू म्हणाले. "रात्री भाऊंच्या शेतावर राहतोय. हॉर्न शिकवायचाय."

गाडी पुढे गेली. दुसऱ्या फेरीला सतीश सगळा धीर गोळा करून ओरडला, "काका, निरोप कधी?"

"पोरीलाच विचारा!" रविंद्रभाऊ ओरडले.

तिसऱ्या फेरीला अपेक्षा खळ्याच्या कडेला उभी होती, धापा टाकत, हाताला ग्रीस लागलेलं. सतीशने गाडी जमेल तेवढी हळू केली.

"बापाला पाठीशी घालायला स्वतःवर घेतलंत ना?" ती शेजारून चालत म्हणाली.

"हो," सतीश म्हणाला. आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं.

"मग माझंपण हो."

गाडी डगमगली. "काय?"

"हो म्हणाले मी! खळं उकरून काढलंत सगळं. भात टाकलाय चुलीवर, तुमच्या मापाचा. आता तरी बंद करा ती गाडी!"

पंढरीने काय सांगितलं होतं, ते सतीशच्या लख्ख लक्षात होतं. त्याने चावी फिरवली.