शून्य उत्सर्जनाची गल्ली

साहेब, प्रभावतीकाकूंचा श्वास तुम्ही पळवलात. तुमचं नाव लिहीत नाही. बदली झाली की नाव बदलतं, खुर्ची तीच राहते.

काकू उत्तरेत, नदीकाठच्या दुर्गाघाटावर राहतात. त्यांना दमा आहे. सकाळ-संध्याकाळ वाफेचं मशीन प्लगला लावायचं, नळी तोंडाशी धरायची, की छाती मोकळी. यजमान नीलकंठ गुरुजी घनपाठी. म्हणजे एकही अक्षर हरवू नये म्हणून मंत्राचे शब्द सुलट-उलट गुंफून म्हणणारे. दोघांचं बरं चाललं होतं, आणि सरकारच्या डोळ्यांत नेमकं हेच खुपलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी तुम्ही धाडलेले कुशल साहेब निळा बिल्ला लावून दारात उभे. विकास विभाग. नागपूरहून बदलून आलेले, त्यामुळे मराठीतून ओरडायची सोय झाली.

"काकू, दरडोई वीजवापर बघा तुमचा! देशाची वाढ तुमच्या घरात येऊन अडकलीय."

"दोन माणसं, एक पंखा. आणखी काय जाळू?"

"गीझर लावा. दिवसा दिवे लावा. महासत्ता काय अंधारात होते?"

गुरुजी सरळ माणूस. त्यांनी भर उन्हाळ्यात गीझर लावला, घरातले सगळे दिवे लावले आणि पाठाला बसले. दुपारी पुन्हा कुशल साहेब. आता बिल्ला हिरवा. उत्सर्जन विभागाचा अतिरिक्त कार्यभार.

"दिवसाढवळ्या दिवे? पृथ्वी पेटलीय, कळतं का?"

"अहो, सकाळी तुम्हीच तर बोललात!"

"सकाळचे अधिकारी वेगळे. त्यांची तक्रार माझ्याकडे द्या, कडक कारवाई करीन." तेवढ्यात आतून घनपाठ ऐकू आला. साहेबांनी कान टवकारले. "हे तेच शब्द पुन्हा पुन्हा का म्हणतायत? देवाला पहिल्यांदा ऐकू नाही आलं? दर उच्चाराला कार्बन निघतो! यापुढे एकदाच म्हणायचं."

"मग माझं काय? मी तर दुप्पट धापा टाकते," काकू म्हणाल्या.

"तुमचंही बघतो."

आणि खरंच बघितलं. गल्लीत एकही मोटार नाही, हे साहेबांच्या ध्यानात आलं. सांड आडवा उभा राहिला तर जिथे माणूस शिरत नाही, तिथे मोटार कुठली! पण अहवालात आलं, 'नागरिकांनी स्वेच्छेने वाहनत्याग केला.' गल्ली शून्य उत्सर्जनाची जाहीर झाली आणि शून्य शून्यच राहावं म्हणून तिची वीज तोडली. वाचलेली वीज गेली नदीपलीकडे रामनगरला, ऊर्जाबचत परिषदेच्या वातानुकूलित मंडपात. बचत या काठावर धरली, वाढ त्या काठावर. दोन्ही बिल्ले खूश.

संध्याकाळी काकूंची छाती वाजू लागली. मशीन मुकं.

"साहेब, एक प्लग द्या हो," गुरुजी हात जोडून म्हणाले.

"मंडपात या ना, तिथे प्लगच प्लग! काकूंचा सत्कारही ठेवलाय. मात्र नाव वल्ह्याची घ्या, डिझेलची नको."

मंडपात काकू गारठल्या. अंगावर शाल पडली, गळ्यात हार पडला, मशीन पोटाशीच. एका प्लगवर कागदी झाडाची रोषणाई होती. दुसऱ्यावर थंडीने कुडकुडणाऱ्या पाहुण्यांसाठी हीटर. बाकीचे प्लग व्यासपीठाच्या शोभेला, त्यांत वायरच नव्हती. काकूंना शब्द फुटेना, ओठ निळे पडले. निवेदिका गहिवरली, "बघा, श्वाससुद्धा किती काटकसरीने घेतात!" टाळ्या.

गुरुजींनी माईक ओढला आणि खणखणीत स्वर लावला,

"वीज कुणी, कुणी वीज, वीज कुणी नेली, नेली कुणी वीज, वीज कुणी नेली!"

"एकदाच, गुरुजी, एकदाच!" खालून कुशल साहेब कुजबुजले.

मंडपाला तो वेदमंत्र वाटला. साऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले.

आणि तुम्ही, वाचणारे? तुम्हीही आत्ता तालातच वाचलंत. डोक्यावर पंखा फिरतोय ना? मशीन अजून काकूंच्या पोटाशी आहे. एक प्लग मोकळा करा, नाहीतर डोळे उघडून सांगा. वीज कुणी नेली?