मयतीच्या घरची चौकशी

वेडसन शोंगा किट्वेला पोहोचला, तर कबासोच्या फाटकाला हिरव्या डहाळ्या बांधलेल्या आणि अंगणात शेगडीभोवती पुरुष खुर्च्या टाकून बसलेले. घरात मयत झाली होती. कागदोपत्री हा कबासो एका तांब्याच्या खाणीचा मालक होता. त्या खाणीत शिक्षकांच्या पेन्शनचे पैसे घालावेत की नाही, हे शोंगाने सोमवारी लुसाकाच्या कचेरीत सांगायचे होते. मालक खरा की नावापुरता, एवढेच बघायचे होते. त्या पैशांत त्याच्या बायकोचे, फेलिस्टाचेही पैसे होते. जन्मभर शाळेत शिकवून ती नाताळाच्या आधी गेली.

तो फाटकातूनच मागे फिरणार, तेवढ्यात एका म्हातारीने हटकले.

"कोण रे बाबा तू?"

"शोंगा. लुसाकाहून आलोय."

"शोंगा? म्हणजे न्गोनी! आला गं बाई एकदाचा उंदीरखाऊ! माझी बहीण गेली, सकाळपासून नुसतं रडणं चाललंय. चेष्टा करायला एक न्गोनी मिळेना!"

बेंबा जमातीच्या घरी मयत झाली की न्गोनी जमातीच्या माणसांनी यायचे, रडणाऱ्यांची टर उडवायची, एकमेकांना उंदीरखाऊ-माकडखाऊ म्हणायचे आणि त्यावर कुणी रागवायचे नाही, ही पिढ्यांची रीत. शोंगाला मधोमध खुर्ची मिळाली. समोर रडून डोळे सुजलेला कबासो. गेलेली बाई त्याची आई.

शोंगाला विनोद कधीच जमत नसे. फेलिस्टा गेल्यापासून तर तो हसलाही नव्हता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले, तेव्हा डोक्यात होते तेच बाहेर पडले.

"कबासो, ती खाण खरंच तुझी आहे का?"

अंगणात हशा पिकला.

"ह्याची खाण!" म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "आधी ह्याची सायकल तरी ह्याची आहे का विचार!"

कबासोही हसला. "माझी कुठली? मी साहेबांचा ड्रायव्हर. सही कर म्हणाले, केली. बदल्यात एक सूट मिळाला. तोही ढगळ."

शोंगाला लाजल्यासारखे झाले. दुःखातल्या माणसांना आपण फसवतो आहोत, असे वाटून तो उभा राहिला. "हे बघा, मी थट्टा करत नाहीये. मी चौकशीला आलोय."

यावर तर एक जण खुर्चीवरून खाली पडला. "चौकशी म्हणे! अगं, ह्याला मक्याची न्शिमा वाढा, मासे जास्त घाला!"

शोंगा जेवत असतानाच मोठी गाडी थांबली. साहेब स्वतः सांत्वनाला आले होते. म्हातारीने त्यांना बसूही दिले नाही.

"साहेब, हा न्गोनी विचारतोय, खाण कुणाची?"

साहेबांचा चेहरा पडला. पण चार माणसांत न्गोनीच्या थट्टेवर रागावणार कसे? ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

"माझीच की रे, उंदीरखाऊ! खाणींचे सरकारी परवाने मीच देतो. स्वतःच्याच नावावर कसा देऊ?"

"मग ही लबाडी नाही का, माकडखाऊ?" शोंगाच्या तोंडून निघून गेले.

"अगदी शंभर टक्के!"

आणि शोंगा हसला. ठसका लागेपर्यंत हसला.

साहेब गेल्यावर कबासो त्याला फाटकापर्यंत पोहोचवायला आला. त्याने शोंगाचा हात दोन्ही हातांत धरला. "दादा, फार उपकार झाले."

"अरे, मी खरंच चौकशीला आलो होतो रे."

"ठाऊक आहे. साहेब परवाच म्हणाले, लुसाकाहून कुणी शोंगा येईल, त्याच्यापुढं मालक म्हणून उभा राहा. झोप उडाली होती माझी. कचेरीत खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती. म्हणून मावशीला सांगून ठेवलं, शोंगा आला की सोडू नकोस. इथं बोललो, तर साहेबांनाही हसावं लागलं!"

शोंगाने कबासोचे हात घट्ट दाबले. फेलिस्टाचे पैसे वाचले होते, पोट भरले होते, हसूही परत आले होते.

"तुझी आई फार भली बाई असणार," तो कसाबसा म्हणाला.

"छे हो," कबासो रडता रडता हसला. "भयंकर भांडखोर. पण गेली बघा कशी नेमकी वेळेवर!"