जागता वस्तरा

अप्पा केळशीकर रोज सकाळी साडेसहाला वस्तरा परजतात, आणि त्यांची दाढी छातीपर्यंत आहे.

या दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकल्यात तर काही वाटणार नाही. पण एकत्र ऐकल्यात, आणि अप्पांच्या आणि तुमच्या मधे फक्त एक भिंत असली, की हात आपोआप स्वतःच्या गळ्यावर जातो. माझा दोन वर्षं जात होता.

बँकेनं मला कोलकात्याला बदलीवर पाठवलं आणि बागबाजारात दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. "शेजारी मराठी आहेत, तीन पिढ्या इथलेच," असं कळल्यावर माझी बायको सुमन हरखलीच. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. सप्प... सप्प... सप्प. सावकाश, एका लयीत. मग आवाज थांबला आणि कोणीतरी अगदी लाडानं विचारलं, "उठलीस का?"

"बायकोला उठवत असतील," मी म्हणालो.

"अहो, ते एकटेच राहतात," सुमन म्हणाली. "घरमालकीणबाईंनी काल सांगितलं मला."

आम्ही दोघं भिंतीकडे बघत राहिलो. पलीकडून समाधानाचा एक सुस्कारा आला.

मला राहवेना. चहाची साखर मागायच्या निमित्तानं मी गेलो. खिडकीच्या गजाला चामड्याचा एक काळपट पट्टा अडकवलेला, त्याचं दुसरं टोक अप्पांच्या डाव्या मुठीत ताणलेलं, आणि उजव्या हातात उघडा वस्तरा. उंच, वाळका माणूस, पांढरीशुभ्र दाढी, आणि पापणी न लवणारे डोळे.

"या. बसा. पाठ पुढे, धार मागे," ते म्हणाले. यातलं 'या, बसा' एवढंच मला उद्देशून होतं. "उलटवायचा तो पाठीवर, धारेवर कधीच नाही. दाबायचं तर मुळीच नाही. लोक पोरांना थोपटून झोपवतात, मी हिला थोपटून उठवतो."

"हिला?"

"धारेला. धार झिजते त्याच्या आधी वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण वाकते. आणि आपल्या इथली हवा! एक दिवस विसरलात तर गंजाचा ठिपका. रोज पुसायचं, तेलाचं बोट लावायचं, पट्ट्यावर फिरवायचं. झोपू द्यायची नाही." मग त्यांनी माझ्या कपाळाच्या वर पाहिलं. "एक केस द्या."

मला वाटलं थट्टा आहे. तोवर केस उपटून झालेला होता. त्यांनी तो चिमटीत अधांतरी धरला आणि वस्तरा नुसता टेकवला. अर्धा केस खाली पडला. काही आवाज नाही, झटका नाही.

"जागी आहे," अप्पा म्हणाले, आणि मला साखर दिली.

आमच्या इमारतीत अप्पांना केस न दिलेला माणूस नव्हता. जिन्यात भेटले की ते चेहऱ्याकडे बघतच नसत, थेट डोक्याकडे. पोस्टमन पत्रं खालीच टाकून पळे. तळमजल्यावरचे तबलावादक तर उन्हाळ्यातही कानटोपी घालून वर येत. पण हा वस्तरा चालतो कुणावर, हे विचारायची छाती कुणाला झाली नव्हती. तर्क पुष्कळ होते. सगळे रंगवून मीच सांगत असे, नाही कशाला म्हणू?

मग या वैशाखातली ती दुपार. इथे कालबैशाखी म्हणून वादळ येतं, चार वाजताच आभाळ शाईसारखं होतं. तसं झालं आणि वीज गेली. मेणबत्ती मागायला मी शेजारी गेलो. दार उघडं. आत काळोख, आणि काळोखात सप्प... सप्प... पण ती नेहमीची लय नव्हती. घाई होती.

"अप्पा?"

आवाज थांबला. वीज चमकली. खुर्ची रिकामी, पट्टा हलतोय. आणि माझ्या मागून, टाळूवरचा एक केस उपटला गेला.

मी कसला ओरडतो! मागे नुसता श्वास ऐकू येत होता. मग अप्पांचा आवाज आला, अगदी बारीक: "नाही तुटला."

दुसरा केस. तिसरा. सातव्यानंतर ते म्हणाले, "तुमच्या केसांत दमच नाही. वहिनींना बोलवा."

सुमन टॉर्च घेऊन आली. तिनं आपण होऊन एक लांब केस काढून दिला. वस्तरा टेकला. केस वाकला, पात्याच्या कडेवरून घसरला आणि तसाच लोंबत राहिला.

अप्पा मटकन जमिनीवर बसले. "माझ्या हातात गेली ती," म्हणाले. "आता निताईला काय तोंड दाखवू?"

निताई म्हणजे त्यांचा न्हावी. टॉर्चच्या उजेडात त्या दिवशी आम्हाला सगळं कळलं. चाळीस वर्षं निताई सकाळी घरी येऊन अप्पांची दाढी करत असे. तीन वर्षांपूर्वी तो आठ दिवसांसाठी मुलीकडे बराकपूरला गेला. जाताना वस्तरा आणि पट्टा अप्पांकडे ठेवून म्हणाला, "आप्पाबाबू, रोज पट्ट्यावर फिरवा. दगडाला मात्र लावू नका. दगडाचं काम माझं."

"आठ दिवसांसाठी दुसऱ्या हाताखाली कशाला मान द्यायची, म्हणून मी थांबलो," अप्पा दाढीवरून हात फिरवत म्हणाले. "अजून थांबलोय."

"मग तुम्ही गेला का नाहीत इतक्या दिवसांत?" सुमननं विचारलं.

"येतो म्हणालाय तो. येतो म्हणणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे तगादा झाला, वहिनी."

"आणि आता दगडाशिवाय धार येणार नाही. दगड त्यांच्याकडे आहे. तगादा नाही, हे काम आहे. रविवारी जा. हे येतील बरोबर."

'हे' म्हणजे मी. सियालदहला गाडीत चढताना अप्पांनी कोटाच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेला वस्तरा चाचपला. "पोलिसानं विचारलं तर तुम्ही बोला. तुमचा चेहरा अर्ज नाकारणाऱ्याचा आहे. असल्यांना अडवत नाहीत."

बराकपूरला एका बोळातल्या ओसरीवर निताई खाटेवर बसला होता. मांडीवरचे त्याचे दोन्ही हात सतत थरथरत होते, जणू ते कुणा दुसऱ्याचेच. तीन वर्षं तो का आला नव्हता, ते आम्हाला दारातच कळलं. त्यानं अप्पांकडे पाहिलं आणि बंगालीत मुलीला विचारलं, "हे कोण साधू?"

अप्पांनी हनुवटी पुढे केली. निताईनं ती थरथरती बोटं दाढीत खुपसली, डाव्या जबड्याखाली गेली, तिथला एक मस त्यांना सापडला आणि बोटं थांबली.

"आप्पाबाबू!" तो म्हणाला, आणि मग भडकलाच. "हे काय करून ठेवलंत तोंडाचं?"

मुलीनं खाटेखालून दगड काढला. निताईनं अप्पांकडून वस्तरा घेऊन दगडावर पातं आडवं टेकवलं, आणि खालून आधार मिळाल्यावर हात बराचसा शांत झाला. तो कितीतरी वेळ घासत होता. मग अप्पांनी बरोबर आणलेला पट्टा. मग त्यानं खाटेसमोरच्या स्टुलाकडे बोट केलं. "बसा."

"बाबा, ना!" मुलगी ओरडली. मीही पुढे झालो. दगडावरून उचललेला तो हात हवेत पुन्हा थरथरत होता आणि त्याच्या टोकाला ती नवी धार चमकत होती.

अप्पांनी कॉलरचं बटण काढलं, मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

निताईनं आधी कात्रीनं डाव्या कानाजवळचा झुपका कापला, फेस लावला. वस्तरा गालाकडे येऊ लागला, डावीकडे, उजवीकडे, कुठे उतरावं ते न ठरलेल्या माशीसारखा. तो टेकला. आणि मग मला दिसलं: हात जसा थरथरत होता, तशीच अप्पा आपली मान थरथरवत होते. त्याच वेगानं, तेवढीच. त्या दोघांच्या मधे वस्तरा जवळजवळ स्थिर होता.

इंचभर गाल मोकळा झाला. रक्ताचा थेंब नाही. निताईला घाम फुटला होता. "बाकीचं पुढच्या रविवारी," तो म्हणाला.

तेव्हापासून अप्पा दर रविवारी बराकपूरला जातात. दर वेळी इंचभर. मधल्या दिवसांत ते अर्धी दाढी घेऊन बागबाजारात फिरतात आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त घाबरतात. मागच्या रविवारी मी पुन्हा बरोबर गेलो होतो. निताई उजव्या कानापाशी पोचला होता, आणि डाव्या गालावर केस परत बोटभर वाढले होते.

निघताना ओसरीच्या पायरीवर मी म्हणालो, "अप्पा, अशानं ही दाढी कधीच पुरी व्हायची नाही."

अप्पांनी झटकन मागे वळून खाटेकडे पाहिलं आणि माझा दंड दाबला.

"हळू बोला," ते म्हणाले. "त्याच्या लक्षात आलेलं नाही अजून."