दादाच्या ॲपमधलं ‘अरे’

त्या दुपारी मी दादानं घरासाठी स्वतः बनवलेलं ॲप उघडलं, ते फक्त पाण्याची टाकी कधी धुवायची एवढंच बघायला. घरातल्या सगळ्या कामांची यादी दादानं त्यात भरून ठेवली होती. तारीख आली की ते काम फोन त्याच्याच आवाजात सांगायचा. दादाला जाऊन दोन महिने झाले, तरी तो आम्हाला रोज कामाला लावत होता. त्याचा आवाज आता तेवढाच उरला होता.

ॲप उघडलं. दादा म्हणाला, “अरे—” आणि ॲप बंद.

पुन्हा उघडलं. “अरे—” पुन्हा बंद.

आत भांडं पडलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, चेहरा पांढराफटक. “भाऊजी, हे कुठल्या कामातलं? हे तर आपण कधीच ऐकलं नाही.”

माझ्या अंगावर काटा आला. (मला तो दिवसातून वीसदा ‘अरे’ म्हणायचा. पण जिवंतपणी.)

“तुम्ही काही केलंत का?”

“हातसुद्धा लावला नाही!” (लावला होता. पण तेवढा कोणीही लावतो.)

आणि तडक सेटिंगमध्ये घुसलो. आठवीत शाळा सोडली, तरी ‘डेटा पुसा’ एवढं वाचता येतं. बोट टेकवणार, तोच वहिनींनी फोन हिसकावला. “अहो, आवाजही पुसला जाईल ना!”

त्यांनी दादाच्या ऑफिसात ॲपमधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरबाईंना बोलावलं. बाईंनी आधी सगळ्याची कॉपी लॅपटॉपवर घेतली. “डेटाबेस म्हणजे कामांची वही समजा. उघडल्याबरोबर ॲप ती वाचतं आणि एका ओळीवर कोसळतं. तारखेच्या रकान्यात कोणीतरी भलतंच लिहिलंय.”

“काय लिहिलंय?” वहिनींनी विचारलं.

“काम, दादाने परत येणे. तारीख, लवकर.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधू लागलो.

“आणि तो आवाज?” वहिनींनी हळूच विचारलं.

“तारीख चुकली की वाजायला ठेवलेला. पूर्ण वाजायच्या आतच ॲप बंद पडतंय.” बाईंनी ती फाईल लावली.

“अरे गाढवा, तारखेच्या जागी तारीख लिही! हे तूच करणार, मला माहीत होतं.”

वहिनी दोन महिन्यांनी हसल्या. हसता हसता मटकन खाली बसल्या आणि मग बराच वेळ उठल्याच नाहीत.

“फाईलचं नाव ‘धाकटा चुकला, एक’ असं आहे,” बाई म्हणाल्या. “अशा अजून अकरा आहेत. कुठल्या चुकीला कुठली वाजते, बघून सांगू?”

“नको,” मी म्हणालो. “मी शोधतो.”

आतापर्यंत चार सापडल्या. त्यासाठी मुद्दाम अशी चूक एकदाच करावी लागली.