इंदूकाकूंच्या कानातलं कुईं

इंदूकाकू आमच्या घरी आल्या की आधी फ्रिज बंद करायच्या. चपला दारात, पदर कमरेला, आणि थेट स्वयंपाकघर. खटकन बटण. मग मान तिरकी करून, डोळे मिटून भिंतीशी उभ्या. मी आणि माझी बायको स्मिता आपल्याच घरात चोरासारखे गप्प. जरा वेळानं निकाल लागायचा.

"न्हाई. ह्यो न्हवं."

मग पंखा. मग पाण्याचा फिल्टर. मग मी चार्जिंगला लावलेला मोबाईल, जो बिचारा कधी कुणाला काही बोलत नाही. सगळं बंद करून झालं की काकू खुर्चीवर टेकायच्या आणि म्हणायच्या, "कुईं करतंय रं. बारीक. तुमाला कसं येत न्हाई ऐकू?"

आम्हाला खरंच येत नव्हतं. फ्रिज परत सुरू करायला आम्ही विसरायचो तेवढं मात्र लक्षात यायचं, दुसऱ्या दिवशी, दुधाच्या वासावरून.

इंदूकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या गराडेकाकू. आकुर्डीतल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आणि आमचं दार एकमेकांना लागून. माहेर मावळातलं, त्यामुळे 'माझं'ला अजून 'मपलं' म्हणतात. काका असताना दोघं चिंचवडला पिठाची गिरणी चालवायचे. काका गेल्यावर काकूंनी ती एकटीनं ओढली, आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा पुतण्याच्या हवाली करून घरी बसल्या. मुलगी लग्न होऊन नागपूरला. जन्मभर जात्याच्या घरघरीवर आवाज चढवून बोललेल्या बाईचा आवाज कसा असेल तो विचार करा. काकू एखादं गुपित सांगायला वाकल्या की ते खालच्या वॉचमनला आधी कळतं.

तर हे कुईं. काकूंनी त्याचा तपास एखाद्या फौजदारासारखा हाती घेतला. आमचा फ्रिज निर्दोष सुटल्यावर वरच्या मजल्यावरच्या जोगळेकरांचा एक्झॉस्ट फॅन संशयित झाला. जोगळेकर सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना स्टुलावर चढवून काकूंनी तो फॅन उतरवून घेतला. कुईं चालूच. मग नंबर लागला पाण्याच्या पंपाचा. ऐन सकाळी, फर्स्ट शिफ्टच्या लोकांची आंघोळीची वेळ, आणि काकूंनी वॉचमनला दम देऊन पंप बंद पाडला. इमारतभर अंगाला साबण लावलेली माणसं दारातून डोकावून ओरडत होती आणि काकू खाली पंपाला कान लावून उभ्या.

"जरा गप बसा की रं सगळी! ऐकू तरी द्या!"

शेवटी त्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या वर्कशॉपमध्ये गेल्या. तिथं कॉम्प्रेसर होता. मालकानं बाईमाणूस आलं म्हणून चहा मागवला. काकूंनी चहा घेतला आणि कॉम्प्रेसर बंद करायला लावला. मालक भला, त्यानं केला. काकू म्हणाल्या, "ह्यो बी न्हवं," आणि कप ठेवून निघून आल्या.

उलगडा झाला तो एका गुरुवारी. गुरुवार म्हणजे आमच्या भागातल्या कारखान्यांची सुट्टी, आणि विजेच्या दुरुस्त्याही त्याच दिवशी निघतात. दुपारी वीज गेली. वर्कशॉप बंद, पंप बंद, फ्रिज, पंखे, सगळं बंद. रस्त्यावर कंपनीच्या बसेस नाहीत. इतकी शांतता आकुर्डीला शोभत नाही. मी सुट्टी म्हणून घरीच होतो. दार वाजलं. बाहेर काकू.

"संजू, आता कोन चालवतंय?"

"काय काकू?"

"कुईं."

"काकू, लाईटच नाहीयेत. काहीच चालू नाही."

त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. एका कानावर तळहात ठेवला. काढला. दुसऱ्यावर ठेवला. दोन्ही कान झाकले. मग हात हळूहळू खाली घेतले.

"म्हंजी मपल्याच डोक्यात हाय व्हय?"

हे वाक्य त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं. काकूंच्या बाबतीत तसं पहिल्यांदाच घडत होतं. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवू."

कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, बाकीच्या तपासण्या करून घेतल्या. घाबरण्यासारखं काही निघालं नाही. मग त्यांनी श्रवणाची तपासणी करणाऱ्या नाझनीनकडे पाठवलं. नाझनीन पिंपरीतलीच मुलगी, अंगानं एवढीशी, पण धीर जबरदस्त. काकूंनी पहिल्याच भेटीत तिचं नाव 'नाजूबाई' करून टाकलं.

नाझनीननं त्यांना त्या आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "काकू, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. गेला की सोडायचं."

काकूंनी बटण दाबलं आणि धरूनच ठेवलं.

"काकू, मी अजून सुरू नाही केलं."

"तू न्हाई केलंस, पण त्येनं केलंय ना!"

नाझनीन हसली नाही. मी हसलो, आणि काचेआडून काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन बसलो.

रिपोर्ट आला तो आणखी गोंधळात पाडणारा. काकूंचे कान वयाच्या मानानं उत्तम होते. बोललेलं सगळं ऐकू येत होतं. फक्त अगदी बारीक, टोकदार आवाज जरासे कमी येत होते. गिरणीनं तेवढे खाल्ले होते. आणि यावर नाझनीननं सुचवलं, दोन्ही कानांना मशीन लावून बघू.

काकू खुर्चीतून उठल्याच. "आगं नाजूबाई, मला कमी का येतंय ऐकू? उलट जास्तीचं येतंय! आगीत लाकडं कशाला घालतीस?"

"बसा काकू. गिरणी चालू असताना कानाशी डास आला तर ऐकू यायचा?"

"गिरणीत डास कशाला मरायला येतोय? पिठात?"

"समजा आला."

"समजा आला तर न्हाई यायचा ऐकू."

"आणि गिरणी बंद झाल्यावर?"

"मग येईल."

"तसंच हे. जे बारीक आवाज कानाला कमी पडतात ना, ते तुमचा मेंदू शोधत बसतो. मिळत नाहीत म्हणून त्या जागी स्वतःच कुईं करतो. आपण ते बाहेरचे आवाज त्याला देऊ. मग ह्या आवाजाकडे त्याचं लक्ष कमी जाईल. सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, पण पुष्कळांना पडतो."

"बंद हुईल?"

"बंद होईल असं मी सांगणार नाही. मागे सरकेल."

"मागं म्हंजी कुठवर?"

"मागच्या खोलीत म्हणा."

काकूंनी जरा विचार केला. "मागल्या खोलीचं दार लावता येतंय का?"

"ते तुम्ही हळूहळू शिकाल," नाझनीन म्हणाली.

मशीन म्हणजे कानामागे दडणारा एक शेंगदाणा आणि कानात जाणारी केसासारखी तार. ती लावून आम्ही बाहेर पडलो आणि काकू दवाखान्याच्या पायरीवरच थबकल्या.

"काय वाजतंय हे?"

"काय?"

त्यांनी हात हलवला. "बांगड्या! मपल्याच बांगड्या हायती ह्या!" मग एक पाऊल टाकलं. "आन ही सळसळ?" ते त्यांचं लुगडं होतं. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी माझ्या शर्टाचा खिसा, रिक्षावाल्याची तंबाखूची पुडी आणि कडेच्या झाडाचा पाला, एवढ्यांचा आवाज जाहीर केला. रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता.

पहिले काही आठवडे मात्र त्रासाचे गेले. कागद फाटला की काकू दचकायच्या. फोडणीत जिरं पडलं की स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या. कितीदा तरी मशीन काढून डबीत आपटली आणि "नाजूबाईला परत करून ये" म्हणून माझ्या हातात ठेवली. मी नाझनीनला फोन लावून द्यायचो, ती आवाज जरा खालीवर करून द्यायला बोलवायची, आणि डबी परत काकूंकडे जायची. असं करता करता एका संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि बसल्याच. स्मितानं मला स्वयंपाकघरात बोलावून अगदी ओठातल्या ओठात विचारलं, "चहा टाकू, की जातील त्या?"

बाहेरून आवाज आला, "टाक. जात न्हाई मी."

स्मिताचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. काकू येऊन पाव तास झाला होता, आणि फ्रिज चालू होता.

मशीन दिसू लागल्यावर इमारतीनं ठरवून टाकलं की गराडेकाकू बहिऱ्या झाल्या. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. जोगळेकर तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकूंच्या कानाशी येऊन असे किंचाळले, "काऽऽकू, टाऽऽकी धुवायचीय!" की शेजारच्या इमारतीतल्यांनीही बादल्या भरून ठेवल्या.

काकूंनी शांतपणे कानाची तार नीट केली. "सेक्रेटरी, मला ऐकू येतंय. तुमाला कळत न्हाई, त्येला मिशीन निघायची हाय अजून."

"पण ऐकू येतं तर लावलीय कशाला?"

"ही ऐकायसाठी न्हाई. न ऐकायसाठी हाय."

जोगळेकरांनी हे वाक्य अजून पचवलेलं नाही.

आता काकूंचं छान चाललंय. कुईं कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हणतात, "हाय की. बसलंय मागं. मी काय त्येला बोलवत न्हाई." सकाळी गच्चीत वाळवणाशेजारी बसून पाखरांचे आवाज ऐकतात आणि कुठलं पाखरू कुणाशी भांडतंय ते संध्याकाळी आम्हाला सांगतात. इमारतीत कुणी कुजबुजलं तर तेही सांगतात. त्यामुळे इमारतीतली कुजबुज जवळजवळ थांबलीय आणि लोक जे काय असेल ते तोंडावर बोलायला लागलेत. काकूंना हे फार आवडतं.

माझी नोकरी चाकणला, प्रेसशॉपमध्ये. कंपनीच्या तपासणीत मला कान दाखवून घ्यायला सांगितलं, तेव्हा मी रजा काढून नाझनीनकडे गेलो. बाहेरच्या बाकांवर चारदोन माणसं होती, आणि माझ्याकडे पाठ करून एक ओळखीचा अंबाडा. इंदूकाकू. मी हाक मारणार होतो, पण त्या कुणाशी तरी बोलत होत्या. हळू आवाजात.

काउंटरवरच्या बाईंना मी खुणेनं विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं काही काम नसतं हो. आठवड्यातून एकदा तरी येतात. नवीन कुणी घाबरलेलं पेशंट असलं की शेजारी जाऊन बसतात."

काकूंच्या शेजारी एक तिशीतला माणूस होता. गळ्यात हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीचं कार्ड, मांडीवर लॅपटॉपची बॅग, डोळे जागरणानं सुजलेले. तो विचारत होता, "मावशी, थांबतं का हे कधी?"

"मपलं न्हाई थांबलं. खोटं कशाला सांगू? पन कमी हुतं. लई कमी हुतं."

"मला वाटतं मी वेडा होईन."

"मला बी वाटायचं." काकू जराशा त्याच्याकडे वळल्या. "मी दुपारची न्हाणीघरात जाऊन बसायची. दार लावून, नळ सोडून. पान्याच्या आवाजात ते जरा दबतंय. आन रडायला बी बरं, बाहेर कुणाला कळत न्हाई."

"घरी कुणाला सांगितलं नाही?"

"घरी कोन हाय? लेक लांब. तिला फोनवर सांगितलं तर ती तिकडं रडंल. शेजारी हायती, गुणाची हायती. पन त्येंला जाऊन 'मला भ्या वाटतंय' असं म्हनायला जीभ रेटत न्हाई बघ. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई मी." त्या थोडं हसल्या. "तू घरी सांगितलंस का?"

त्यानं मान हलवली. नाही.

"आज सांग. जेवाय बसायच्या आधी सांग."

आतून त्याचं नाव पुकारलं. तो उठला, पण बॅग कुठं ठेवावी ते त्याला कळेना. काकूंनी ती त्याच्या हातातून घेतली. "जा. ती पोरगी लई शानी हाय. मी हाय हितंच."

तो आत गेला. काकू ती बॅग मांडीवर घेऊन, दोन्ही हात तिच्यावर ठेवून, बंद दाराकडे बघत बसल्या.

आमच्या आणि काकूंच्या न्हाणीघरांमध्ये एकच भिंत आहे.

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात, साऱ्या बाकांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय रं, तुजं बी वाजाय लागलं का काय?"

"नाही काकू. नुसती तपासणी."

"मग घाबरू नगस," त्या म्हणाल्या, आणि मला नीट बसता यावं म्हणून जरा सरकल्या.