अण्णांची हलगी

बाळूअण्णांच्या घरी टीव्ही बघताना मध्येच उभं राहावं लागतं. पडद्यावरची गोरी पब्लिक उठली की आपणही उठायचं. बसून राहिलात तर अण्णा मान वळवतात, "पावणं, तिकडं लाखभर माणूस उभं हाय. तुमच्याच गुडघ्याला काय झालंय?"

मंगळवार पेठेत अण्णांचं लेथचं वर्कशॉप होतं. आता ते मुलगा बघतो आणि अण्णा एका जुन्या विलायती रॉक कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट बघतात. दर रविवारी सकाळी दहाला, आम्हा सात-आठ जणांना जमवून. व्हीसीआर अजून चालतो, कारण त्याचे भाग बिघडले की अण्णा लेथवर नवे काढतात. ड्रम वाजवणारा त्यांच्या लेखी 'हलगीवाला', गिटारवाला 'तुणतुणं'. गायक दोन गाण्यांच्या मध्ये काही ओरडला की अण्णा मराठी करून सांगतात, "म्हणतोय, मागच्यास्नी ऐकू येतंय का?" शेवटच्या गाण्याला तिकडे लायटर पेटतात, तेव्हा आम्हाला एकेक काडेपेटी मिळते. एकदा माझी भुवई जळली आहे.

पण हलगीवाल्याचा मोठा तुकडा आला की अण्णा सगळ्यांना बाहेर काढतात. "च्या कट्ट्यावर. हितं सांडू नगा." थर्मास हातात देतात आणि अलीकडची काही वर्षं दारही आतून लावून घेतात.

का, ते फक्त मला माहीत होतं. तो तुकडा त्या कॅसेटवर नाहीच. मी पुसला.

माझ्या मुलाच्या बारशाचं शूटिंग कॅसेटवर उतरवायला मी बारशानंतर आठवड्याने अण्णांचा व्हीसीआर मागून नेला होता. आत त्यांची कॅसेट राहिली होती, आणि मी न बघता लाल बटण दाबलं. लोक कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा दात मोडून ठेवत, म्हणजे तिच्यावर दुसरं काही उतरत नसे. अण्णांनी मोडला नव्हता. असल्या कॅसेटचा दात पाडायला हात धजत न्हाय, म्हणायचे. चार मिनिटांनी माझ्या लक्षात आलं. मी कॅसेट मागे फिरवली, व्हीसीआर परत दिला आणि गप्प बसलो. अण्णाही कधी काही बोलले नाहीत. माझी चूक ते चारचौघांत झाकतात, या विचाराने गेली पंचवीस वर्षं त्यांचा चहा माझ्या घशाखाली नीट उतरलेला नाही.

तोच मुलगा आता तिकडे पुण्यात नोकरी करतो. त्याने कुठूनतरी त्याच कार्यक्रमाची डीव्हीडी आणि ती लावायचं यंत्र आणून दिलं. गेल्या रविवारी मी ते अण्णांकडे नेलं. चित्र लख्ख, आणि हलगी पुरी. मंडळी आपणहून उभी राहिली. अण्णा मात्र पहिल्यांदाच बसून राहिले.

तुकडा संपल्यावर त्यांनी डीव्हीडी थांबवली. "झ्याक हाय," म्हणाले, आणि जुनी कॅसेट सरकवली. "च्या कट्ट्यावर."

सगळे गेले. मी दारातच अडखळलो. "अण्णा, ते मी पुसलंय."

"ठावं हाय. बस."

पडद्यावर मुंग्या आल्या, मग माझं घर आलं. पाळणा, बायकांची गर्दी, आणि घुगऱ्या वाटणाऱ्या अण्णांच्या मंडळी, शांतावहिनी. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. अण्णा त्या बारशाला आलेच नव्हते, हे मी पार विसरलो होतो. पाळण्याजवळच्या एका बाईने विचारलं, मालक कुठं दिसत नाहीत?

वहिनींनी थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. "आमचं मालक व्हय? बसल्यात घरात त्या केसाळ पोरांफुडं. हलगी संपली की येत्याल."

अण्णांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आलो की गं," ते टीव्हीला म्हणाले.